डिसेंबरची चोवीस पुस्तकं

ट्रोनहाइम
रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

प्रिय इंगविल्ड,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो मेला कुरकुरायलाच जन्माला आलाय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नोव्हेंबर लागला नाही तोच खिडकीत नाताळचे दिवे लावले, आणि तेही निळे. निळे दिवे कुणी घरात लावतं का? जिना उतरताना दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

तू फोन करत नाहीस याचा मला राग नाही. माझा आवाज कानावर पडला की संध्याकाळचे पाच वाजल्यासारखं होतं, असं तू उन्हाळ्यात लिहिलं होतंस. मलाही तसंच होतं गं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात हवं तिथे थांबता येतं.

तर ब्रागेला पुस्तकं हवीत. बालवाडीत सगळ्यांकडे आहेत म्हणून मागतोय, हे वाचून मला हसू आलं, आणि मग तेच वाक्य मी पुन्हा वाचलं. मागच्या डिसेंबरनंतर तुमच्या घरी पुन्हा कधी या पुड्या उघडल्या जातील असं मला वाटलं नव्हतं. एक तारखेपासून चोवीसपर्यंत रोज एक पुडी, रोज एक पुस्तक. तिरिल दोन वर्षांची झाली तेव्हा मीच हे सुरू केलं. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती, एक तळ्याकाठी तुमच्याकडे, एक इथे माझ्याकडे. पाच वाजता फोन लावायचा, मी वाचायचं आणि आजी-नातीने एकदम पान उलटायचं. तिरिल असती तर आज सात वर्षांची असती.

पस्तीस वर्षं मी वाचनालयात मुलांच्या विभागात काढली. तेव्हा नाताळची पुस्तकं कशी निवडायची हे मला कुणी शिकवू नये. दुकानात जे मांडलंय त्यातलं अर्धं नुसतं चकचकीत. बटण दाबलं की घंटा वाजते. मुलाला घंटा नको असते, गोष्ट हवी असते. चार वर्षांच्या पोराला एका पानावर तीन ओळी पुरतात, चौथ्या ओळीला ते खिडकीबाहेर बघायला लागतं. उपदेशाची पुस्तकं तर मी हातातही घेत नाही. शेवटच्या पानावर सगळी जनावरं एका टेबलाशी जेवायला बसतात, कोल्हा आणि कोंबडी मांडीला मांडी लावून. कोल्ह्याच्या ताटात काय होतं ते कुणी सांगत नाही.

आतापर्यंत सात मिळालीत. एक अस्वल चुकून नाताळात जागं होतं आणि त्याला कुणी झोपूच देत नाही. एका बाईला नाताळची सात प्रकारची बिस्किटं करायची असतात, त्यातले सहा प्रकार करपतात. ते वाचून ब्रागे लोळून हसेल, कारण ती बाई अगदी तुझ्यासारखी दिसते. नाताळात दाराशी ठेवतात त्या गवताच्या बोकडाचं एक आहे, त्याला शेजारची गाय खाते. ते जरा विचार करून ठेवीन.

निस्से नको हे तू दोनदा अधोरेखित केलंस, ते मी वाचलं. लाल टोपीवाला तो बुटका, गोठ्याचा राखणदार, आणि त्याला नाताळात ठेवायची खिरीची वाटी काढली, तर आपल्याकडच्या नाताळच्या पुस्तकांतली निम्मी बाद होतात. होऊ देत. बर्फाचं, तळ्याचंही काही घेणार नाही. तू सांगायला नको होतंस, पण सांगितलंस ते बरं केलंस.

जानेवारीत आस्मुंड घर सोडून जातोय, असं तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते वाचलं. त्यावर सावकाश लिहीन. बटाटे उकळायला ठेवलेत, करपायच्या आत उठते.

ब्रागेला माझा पापा.

तुझी
आई


ट्रोनहाइम
शुक्रवार, १७ नोव्हेंबर

प्रिय इंगविल्ड,

तुझं पत्र आलं आणि कानाखाली बसल्यासारखं झालं. 'आई, तू अस्वलांवर पानभर लिहिलंस आणि माझ्या नवऱ्यावर एक ओळ.' खरं आहे. मी उत्तर टाळलं. तुझ्या वडिलांच्या आजारपणातही मी असंच केलं होतं, डॉक्टर काय म्हणाले विचारलं की पडदे धुवायला काढायचे.

तू लिहितेस, 'त्याने लक्ष ठेवलं नाही हे मी एक दिवस सोडून देईन. लाकडं आणायला माणूस दहा मिनिटं बाहेर जातोच. पण तिच्या डोक्यात ते घातलं कुणी? ती वाटी घेऊन होडीघराकडे का गेली? निस्से तिथे राहतो असं तिला कुणी सांगितलं? घरात असल्या थापा मारणारा एकच माणूस आहे. त्याने एकदा माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणावं, मी तेवढ्यावर राहीन. पण सुरुवातीला एकदाच नाही म्हणाला आणि मग तोंड शिवलं ते शिवलंच. खोटारड्याबरोबर मी म्हातारी होणार नाही.'

थापा तो मारायचा, हे मी कशाला नाकारू? ओट्यावर पीठ सांडून त्यात बोटांनी बारीक पावलं उमटवायचा आणि पोरांना उठवायचा, 'या, या, बघा कोण येऊन गेलं!' मीच त्याला म्हटलं होतं, 'पीठ पुसणार कोण, तुझा निस्से?' तो म्हणाला होता, 'आजी, तो कामगार संघटनेत आहे, साफसफाई त्याच्या कामात बसत नाही.' असा माणूस. पण इंगविल्ड, थापाड्या माणसाने प्रत्येक थाप मारलेली असते असं नाही. ब्रागे दर दुसऱ्या आठवड्याला पिशवी उचलून या घरातून त्या घरात जाणार, याचाही विचार कर. जानेवारीच्या आत पुन्हा एकदा त्याच्याशी बोल. मी आणखी काय सांगू?

पुस्तकं सोळा झाली. त्यातली दोन मला रविवारी वाचनालयाने बाहेर काढलेल्या ढिगातून मिळाली, कोपरे झिजलेत पण पानं शाबूत आहेत. उरलेली शोधायला मंगळवारी दुकानात गेले होते. तिथे एक नवी मुलगी आहे, नाकात चमकी, तोंडात सतत हसू. मी मुलांच्या कपाटाशी वाकले होते तर मागून येऊन म्हणाली, 'आजी, चार वर्षांसाठी ना? मग हे घ्या. मागच्या वर्षी सगळ्यांनी हेच नेलं.' आणि तिने माझ्या हातात ते दिलं.

तेच पुस्तक. मुखपृष्ठ नवं होतं, टोपी आता चमचमते. पण तेच.

मी म्हटलं, 'हे नको.'

'अहो, एकदा बघा तरी! मुलगी एकटी खीर घेऊन जाते, आणि शेवटी वाटी रिकामी होते. किती गोड आहे!'

'शेवट मला माहीत आहे,' मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की पलीकडे गल्ल्यावरचा माणूस वळून बघायला लागला. ती बिचारी गोरीमोरी झाली. मग मी मुलांच्या त्या बुटक्या स्टुलावर बसले. तिने पाणी आणलं. 'कुणाला फोन करू का?' विचारत होती. कुणाला करणार होती?

वाचनालयात नव्या मुलींना मी एक पद्धत शिकवायचे. तुला ठाऊक आहे, तुझ्यावरच तर ती आधी वापरली. पुस्तक वाचून मिटलं की लगेच उठायचं नाही. मुलाला विचारायचं, 'आणि हे आपल्याकडे कुठे आहे?' अस्वलाची गुहा आपल्याकडे कुठे? पलंगाखाली. चेटकिणीचं घर कुठे? शेजारच्या काकूंकडे. मुलाने बोट दाखवलं की गोष्ट त्याची होते, मग ती कुणी काढून घेऊ शकत नाही. मला या पद्धतीचा फार अभिमान होता. यावर मी बर्गेनला जाऊन भाषण देऊन आले होते.

आज एवढंच. हात दुखतोय. पुस्तकं पंचवीसपर्यंत तयार होतील. टपालाने नको, वाटेत ओली होतील. कुणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवीन.

तुझी
आई


ट्रोनहाइम
रविवार, २६ नोव्हेंबर

प्रिय इंगविल्ड,

हे पत्र बसून वाच. ब्रागे झोपल्यावर किंवा तो बालवाडीत असताना वाच, पण पूर्ण वाच. मध्येच चुलीत टाकावंसं वाटेल. शेवटपर्यंत गेलीस की टाक.

तू आस्मुंडला पुस्तकं न्यायला पाठवलंस. काल दुपारी तो आला. दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. दाढी पांढरी झालीय त्याची, इंगविल्ड, आणि तो एकेचाळीसचा आहे. मी कॉफी केली. तो खोक्यापाशी खाली बसला आणि पुड्यांवरचे आकडे बघत राहिला. मी म्हटलं, 'यात निस्से नाही, बर्फ नाही, सगळी दोन-दोनदा तपासलीत.'

तो म्हणाला, 'मला माहीत आहे, आजी. तुम्ही तपासलंच असणार.'

त्याच्या आवाजात काही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी उगाच बोलत सुटले. अकरा नंबरला जरा मोठं पुस्तक घातलंय, त्या दिवशी लवकर वाचायला बसा, असलं काहीतरी. अकरा तारीख, तिरिल गेली तो दिवस, आणि मी तो असा बोलून गेले.

आस्मुंड म्हणाला, 'मी भांडी घासत होतो.'

'कधी?'

'दहा तारखेला. शनिवारी. फोन टेबलावर स्पीकरवर होता. तुम्ही दोघी वाचत होतात आणि मी तुमच्याकडे पाठ करून खिरीचं पातेलं घासत होतो. मला सगळं ऐकू आलं.'

इंगविल्ड, आता मी तुला सांगते. अकरा महिने तोंडात गुळणी धरून बसले होते.

त्या शनिवारी दहा नंबरचं पुस्तक होतं. निस्सेला खीर नेऊन देणाऱ्या मुलीचं. मी निवडलेलं, मी बांधलेलं. वाचून झालं, दोघींनी पुस्तक मिटलं आणि मी माझ्या सवयीने विचारलं, 'आणि हा आपल्याकडे कुठे राहतो?'

तिरिल म्हणाली, 'आजी, आपल्याकडे गोठाच नाहीये.'

तिच्या आवाजात एवढी निराशा होती! तिथे मी म्हणायला हवं होतं, मग ओट्याखाली राहत असेल. जिन्याखाली, कपाटात, कुठेही. मी म्हटलं, 'मग होडीघरात राहत असेल. मला तर वाटतं तिथेच राहतो.'

'त्याला खीर कोण देतं?'

'कुणीच नाही. म्हणून तर रुसून बसलाय.'

'बाबांना सांगू?'

आणि मी म्हटलं, 'छे, मोठी माणसं आली की तो दिसत नाही. पुस्तकातली मुलगी कशी एकटी गेली? गुपचूप.'

हे मी म्हटलं. गुपचूप हा शब्द माझा आहे.

मी इथे चौथ्या मजल्यावर, रेडिएटरला पाय लावून बसले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे जुलैतलं होडीघर होतं. आपण जुलैतच तर जातो तिथे. लाकडी फळीवरून चार पावलं आणि दार. तुम्ही ऑक्टोबरात ती फळी काढून ठेवता, आणि मग दारापर्यंत जायचं तर बर्फावरून वळसा घालावा लागतो, जिथे ओढा तळ्याला मिळतो, जिथे बर्फ कधी धड धरतच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आस्मुंडने मला ती जागा हाताला धरून दाखवली होती. मला ते आठवलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला मी त्या दाराकडे पाठवत होते आणि मला ते आठवलंच नाही.

रविवारी तू वृद्धाश्रमात ड्यूटीवर होतीस. ब्रागे झोपला होता. आस्मुंड लाकडं आणायला गेला. ती सकाळपासून कशाची वाट बघत होती ते आता तुला कळेल. मोठी माणसं नसण्याची. तिने शनिवारची खीर घेतली, त्यावर लोणी ठेवलं आणि निघाली. लाकडाची ती वाटी बर्फाच्या कडेवर सरळ उभी सापडली, खीर जराही सांडली नव्हती, असं पोलिसांनी सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, एवढी सांभाळून का नेली असेल? मी तुझ्या शेजारीच उभी होते.

आणि मग बुधवारी स्वयंपाकघरात तू आम्हा दोघांना विचारलंस. आस्मुंड म्हणाला, 'मी नाही.' तू माझ्याकडे वळलीस. 'आई, तू?' मी म्हटलं, 'पुस्तकातला निस्से गोठ्यात राहतो, आणि तुमच्याकडे गोठा नाही.' किती हुशारीचं उत्तर होतं ना? एकेक शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं. आस्मुंडने तेव्हा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्याला संशय आलाय. संशय नव्हता, त्याला माहीतच होतं. तेव्हापासून तो एक शब्द बोललेला नाही.

काल मी त्याला विचारलं, 'मग सांगितलं का नाहीस? तुला घराबाहेर काढतेय ती.'

त्याने पुड्यांवरची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणालात, आणि ती तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. चार दिवसांत पहिल्यांदा रडली. तुम्हीसुद्धा गेलात तर ती कुणाकडे टेकणार, असं वाटलं. मी तर तिच्या दृष्टीने तेव्हाच संपलो होतो, दार माझ्याच ताब्यात होतं. आणि आजी, ते ऐकूनही मी पातेलंच घासत राहिलो. मलाही गंमतच वाटली होती. हसलोसुद्धा. वळून एवढंच म्हणायला हवं होतं, तिकडे नाही हं जायचं. म्हणजे मी काय सांगू तिला?'

मी रडले. तो रडला नाही. त्याने माझा कप धुऊन ठेवला. जाताना म्हणाला, 'तिला सांगू नका. आता काही परत येत नाही. ब्रागेला आजी राहू द्या.' मला अकरा महिने हेच ऐकायचं होतं, आणि ते मला त्याने सांगावं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालंय हे, आणि संन्यासी स्वतःच चोराला म्हणतोय, राहू दे, दोर मला बसतो. मी मान डोलावली. हो म्हटलं. काल संध्याकाळपर्यंत मी ते पाळणारही होते.

मग संध्याकाळ झाली आणि मला कळलं की माझ्या गप्प राहण्याचा हिशोब मी नेहमी तुझ्या नावावर मांडत आलेय. इंगविल्ड मोडून पडेल, इंगविल्डला आई हवी. खोटं. मला मुलगी हवी होती, एवढंच खरं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस ते मला सोडवलं नाही, आणि त्यासाठी मी तुझा नवरा देऊन टाकला. ब्रागेचा बाप देऊन टाकला. तो म्हणतो तसं काही परत येणार नाही, पण जानेवारी अजून आलेला नाही.

त्याच्यापाशी हे पत्र दिलं असतं तर त्याने वाटेत फाडलं असतं, म्हणून टपालाने पाठवतेय. उद्या सकाळी पोस्ट उघडताच जाईन. बुधवारपर्यंत तुला मिळेल. तो तुला म्हणेल की आजी म्हातारी झाली, काहीही लिहिते. ऐकू नकोस. त्याला फक्त विचार, भांडी घासताना काय ऐकलंस? त्याला खोटं बोलता येत नाही हे तुला कळेलच. गप्प बसणं येतं त्याला, खोटं बोलणं मला येतं.

खोकं तो घेऊन गेलाय. त्यातली चोवीसच्या चोवीस पुस्तकं चांगली आहेत, एवढं मी अजूनही जाणते. पण ब्रागेला तुम्ही वाचून दाखवा, तुम्ही दोघांनी. माझ्याकडच्या दुसऱ्या प्रती मी आज वाचनालयाच्या पेटीत टाकून आले. पाच वाजता मी फोन उचलणार नाही, लावणारही नाही. वाचून झालं की त्याला काहीही विचारू नका. पुस्तक मिटा आणि दिवा लावून ठेवा.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. माझ्यासाठी तुझ्याकडे काही उरलं असेल, नसेल, ते मला आत्ता कळायचं कारण नाही. माझ्याकडे वळू नकोस, फोन करू नकोस, शिव्या द्यायलासुद्धा नको. आधी त्याच्याकडे जा. अकरा महिने तू त्याला ज्या गोष्टीसाठी खोटारडा म्हणालीस ती त्याने केलेली नाही, आणि हे माहीत असूनही त्याने तुला ते म्हणू दिलं. त्याची माफी तू मागायची आहेस. तेवढं करताना जो राग येईल तो सगळा माझा.

तू विचारलं होतंस, आई, तू?

हो. मी.

तुझ्याशी खोटं बोललेली,
आई